तिघांचा पेच

हेमलता जगतापला संध्याकाळ नव्हती. सूर्य इतरांसारखा तिच्यासाठीही मावळायचा, पण तो मावळायच्या आत तिला गवीपुरमच्या घरी पोचावं लागे. देव्हाऱ्यात दिवा लागायला हवा, आणि लावायला दुसरं कुणी नव्हतं. जयनगरच्या मुलींच्या कॉलेजात ती गणित शिकवायची. शेवटचा तास सुटला की बाकीच्या बाया कँटीनमध्ये कॉफी घेत साड्यांवर, सुनांवर, प्रिन्सिपलवर बोलत बसायच्या. हेमलता तोवर बी.टी.एस.च्या बसस्टॉपवर उभी.

"हेमलता मॅडमना सासू नाही," एक जण म्हणायची, "पण धाक मात्र सासूचा."

सगळ्या हसायच्या. हेमलताही हसायची आणि बस आली का बघायची.

देव म्हणजे टाक. चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेले कुळाचे देव, तळहातावर मावतील एवढे. भवानी, खंडोबा, जोतिबा, आणि दोन पूर्वज, ज्यांची नावं आता कुणालाच सांगता येत नव्हती. जगताप बंगळुरात केव्हा आले तेही नीट ठाऊक नव्हतं. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलो, असं इथले सगळेच मराठे सांगतात, तसं तेही सांगायचे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि स्वयंपाकघरात दोन्हींची सरमिसळ.

आई जाऊन सात वर्षं झाली होती. जाताना तिनं पूजेचं ताम्हन हेमलताच्या हातात दिलं. हेमलताचं लग्न झालेलं नव्हतं. पुढे व्हायचंही राहून गेलं. थोरला भाऊ मालोजी, त्याला सगळे अण्णा म्हणत. तो विमानाच्या कारखान्यात फोरमन होता आणि हेब्बाळला राहायचा. धाकटा रणजीत, घरचा तम्मा, जे. पी. नगरात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. दोघांची घरं प्रशस्त. पण देव गवीपुरमलाच राहिले, कारण जगतापांच्या घरात एक रीत होती: देव कुणी मागायचा नाही आणि कुणी ढकलायचाही नाही. देव ज्याच्या घरी, वडीलकी त्याची, दर दोन वर्षांनी गोंधळही त्याच्याच दारी. म्हणून मागणारा हावरा ठरायचा आणि ढकलणारा नास्तिक. ज्याच्या शब्दाला मान आहे अशा कुणीतरी "देव अमक्याकडे असू देत" असा शब्द टाकायचा. तो शब्द पडला की देव हलायचे. नाही पडला तर नाही.

सात वर्षं तो पडला नव्हता.

दिवा लावून, कुकर चढवून हेमलता जेवणाच्या टेबलावर आपलं काम काढायची. तिचा विषय सांगायला सोपा आणि पटवायला अवघड. समजा, डबे आहेत, अनंत. प्रत्येक डब्यात दोन वस्तू, हुबेहूब सारख्या. प्रत्येकातून एक उचलायची. कुठली? मोठी घ्या, जुनी घ्या, असा काही नियम सांगता आला तर प्रश्न मिटला. नियमच सांगता येत नसेल तर 'एकेक उचलली' असं नुसतं म्हणून भागत नाही. तसं म्हणायची मुभा आधी गृहीत धरावी लागते. त्या मुभेला निवडीचं गृहीतक म्हणतात. बहुतेक गणिती ती मुभा सरसकट घेऊन मोकळे होतात. हेमलता त्या थोड्या लोकांपैकी होती, जे विचारतात की सगळी मुभा नको, थोडीच दिली तर कुठवर जाता येतं? फक्त दोन-दोनच्या डब्यांपुरती दिली, तर चार-चारच्या डब्यांचं काम आपोआप होईल का? तीन-तीनच्या?

उत्तर ऐकून नवखा माणूस चक्रावतो. चारचं होतं. तीनचं होत नाही.

शेवटच्या वर्षाच्या पोरींना ती हे कॅरमवर समजावायची. "दोघींतली एक निवडता येते, म्हणजे दोघी खेळल्या की एक जिंकते, बरोबरी नाही. आता डब्यात चौघी आहेत. प्रत्येकीनं प्रत्येकीशी खेळायचं. सामने किती?"

"सहा, मॅडम."

"सहा विजय चौघींत सारखे वाटता येतील?"

"नाही."

"म्हणजे कुणीतरी पुढे जाणार. एकटीच पुढे असेल तर तीच निवडली. दोघी पुढे असतील तर त्या दोघींतली जिंकलेली घ्या. तिघी पुढे असतील तर मागे राहिलेली एकटी पडली, तिला घ्या. काही झालं तरी एक वेगळी निघतेच."

"आणि तिघी असल्या तर?"

"सामने तीन. हिनं तिला हरवलं, तिनं तिसरीला, तिसरीनं हिला. एक, एक, एक. बसा गोल फिरत."

गोल फिरत बसावं लागतं हे मुलींना लगेच दिसायचं. पण त्यातून सुटकाच नाही हे सिद्ध करणं वेगळं. हजार जणांना वाट सापडली नाही म्हणून वाट नाही असं होत नाही. त्यासाठी एक निराळं गणिती जग बांधावं लागतं. बाकीचे नियम त्यात पाळले जातात, दोन-दोनच्या डब्यांची मुभाही असते. पण तिथले तिघे-तिघे असे गोल बसवायचे की गोल एक घर पुढे सरकवला तरी कुणाला पत्ता लागू नये. मग पहिला कोण, हे त्या जगात कुणालाच सांगता येत नाही. थोडक्यात, चारही बाजूंनी बंद घर बांधायचं आणि त्याला दार नाही हे सिद्ध करायचं. आणि शेजारी दुसरं जग असतंच, ज्यात सगळीच निवड होते. दोन्ही जगं तितकीच निर्दोष. म्हणून 'तिघांतूनही निवडता येतं' हे विधान सिद्धही होत नाही आणि खोटंही ठरत नाही. अशा दोन्हीकडून अडलेल्या विधानाला गणितात 'स्वतंत्र' म्हणतात. या शब्दाचं हेमलताला कधीकधी हसू यायचं.

अकरा वर्षं ती असली घरं बांधत होती. दोन घरं चांगली उभी राहिली, त्यांच्यावरचे लेख बाहेरच्या पत्रिकांत छापूनही आले. तिसऱ्याची एक भिंत उभी करेपर्यंत दुसरी कलायची. हा विषय समजणारं बंगळुरात एकच माणूस होतं, तिचे जुने सर कृष्णमूर्ती. ते निवृत्त झाले तरी हेमलताचा प्रबंध पुरा झालेला नव्हता.

त्या वर्षी माघात सरांनी तिला बसवनगुडीच्या घरी बोलावलं. मद्रासच्या एका संशोधन संस्थेत दोन वर्षांची जागा होती. विषय हाच, माणसंही याच विषयातली. कॉलेज रजा देत होतं.

"होगम्मा," सर म्हणाले. जा गं बाई. आणि तेच पुन्हा इंग्रजीत म्हणाले, म्हणजे पक्कं. "पुन्हा विचारणार नाहीत ते. उगादीच्या आत कळव."

तिनं मान हलवली. परतताना रिक्षात बसून ती मद्रासचा नव्हे, देव्हाऱ्याचा विचार करत होती.

रविवारी ती हेब्बाळला गेली. अण्णा बनियनवर पेपर वाचत बसला होता. लहानपणापासून ती त्याला अहो-जाहो करायची.

"अण्णा, मला दोन वर्षं मद्रासला बोलावलंय."

"पगारी?"

"पगारी."

"मग जा की. विचारतेस काय?"

"देव?"

अण्णानं पेपर घडी करून मांडीवर ठेवला. आतून सुलभावहिनींचा आवाज आला, "वन्सं, कॉफी स्वल्प घेता काय?" आणि उत्तराची वाट न बघता स्टोव्हचा आवाज.

"हेमा, देवांचं मी काय बोलू?" अण्णा हळूच म्हणाला. "मला दोन्ही लेकी. उद्या त्या दुसऱ्यांचे देव पुजणार. कूळ चालायचं ते तम्माच्या विराटकडनं. तेव्हा तम्मा म्हणेल तसं. त्याच्या तोंडातनं येऊ दे, मी एका पायावर तयार."

ती जे. पी. नगरला गेली. तम्मा नव्या कॉम्प्युटरचं झाकण उघडून बसला होता. सगळं ऐकून त्यानं स्क्रू-ड्रायव्हर कानामागे खोवला.

"मी? अक्का, आईनं ताम्हन कुणाच्या हातात दिलं? तुझ्या. मी मधे शब्द टाकला तर आई स्वप्नात येऊन कान धरेल. तू म्हणशील तसं."

"मी काय म्हणणार रे? अण्णा थोरले. ते म्हणतील तसं."

वाक्य तोंडातून गेलं आणि तिचं तिलाच ऐकू आलं. अण्णा तम्माला मान देतो. तम्मा अक्काला. अक्का अण्णाला. एक, एक, एक.

"काय झालं अक्का? एकदम गप्प झालीस."

"काही नाही. सामने मोजत होते."

तम्मानं बायकोकडे बघितलं. सौम्यानं खांदे उडवले. गणिताची माणसं.

मग महिनाभर ते गोल फिरत राहिलं. हेमलता कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून अण्णाला फोन करायची. तो म्हणायचा, तम्माशी बोललो, तो तुझ्यावर सोडतोय. तम्मा घरी यायचा, देवांना हात जोडायचा आणि म्हणायचा, अण्णानं तोंड उघडलं का? कुणाच्याही मनात खोट नव्हती, आणि तेच वाईट होतं. भांडण असतं तर कुणीतरी हरलं असतं. इथं प्रत्येक जण दुसऱ्यापुढं वाकत होता आणि तिघांच्या वाकलेल्या पाठींमधून हेमलताला बाहेर पडायला फट नव्हती. स्पष्ट सांगून टाकावं असं तिला वाटायचं. "अण्णा, तुम्ही न्या" हे तीन शब्द. पण लेकीनं देव वाटायचे नसतात हे तिनं आईच्या दुधाबरोबर प्यालेलं. बूथच्या काचेत शब्द ओठांपर्यंत यायचे आणि तिथं गोठायचे. मागे रांगेतला माणूस काचेवर नाणं वाजवायचा.

उगादी पंधरवड्यावर आली तेव्हा वर्गात कॅरमचा तास होता. फळ्यावर चौघींची नावं लिहिता लिहिता तिचा खडू थांबला. तिघांत पेच पडतो. चौघांत पडूच शकत नाही. सहा सामने चौघांत सारखे वाटता येत नाहीत, मग ते चौघे कुणीही असोत. चौथं माणूस आणायचं. शब्दाला मान असलेलं. बस.

आणि ते माणूस होतं. कॉटनपेटच्या अंबुबाई, तिच्या वडिलांची बहीण. सत्तरी उलटलेली, तोंडानं फटकळ, उभ्या जगतापांना धाकात ठेवणारी आत्या.

पुढच्या रविवारी गवीपुरमला जेवण ठरलं. मटणाचं सार, नाचणीच्या उकडीचे गोळे म्हणजे मुद्दे, आणि सोप्पूची पालेभाजी. अंबुबाई सकाळीच आल्या आणि सोप्पूची जुडी पुढ्यात ओढून पानं खुडायला बसल्या.

"मद्रासला जाऊन करणार काय म्हणे तू?"

"निवडीवर काम आहे आत्या."

"निवडीवर?" अंबुबाईंनी हातातली काडी तिच्यापुढे नाचवली. "मग मला ने की! साठ वर्षं निवडतेय मी. तांदूळ निवडले, डाळ निवडली, सोप्पू निवडला. एक नवरा तेवढा दुसऱ्यांनी निवडला, आणि तोच नासका निघाला."

हेमलता हसली. "तसं नाही आत्या. कुठं निवड करताच येत नाही, ते शोधायचं."

"त्याला मद्रास कशाला? तुम्हा तिघा भावंडांकडे बघितलं की झालं."

हेमलता मुद्द्याचं पीठ जरा जोरात घोटू लागली.

जेवायला सगळे बसले. अण्णा, सुलभावहिनी, तम्मा, सौम्या. दोन घास गेल्यावर हेमलतानं विषय काढला. पहिल्यांदाच तिचा आवाज थरथरला नाही, कारण पुढे काय होणार हे तिनं सिद्ध केलेलं होतं.

"आत्यांच्या समोर विचारते. मी गेले तर देवांचं काय?"

अण्णानं तम्माकडे बघितलं. तम्मानं अक्काकडे. मग तिघांनीही नजर फिरवून अंबुबाईंकडे नेली.

"आत्या आहेत की," अण्णा म्हणाला. "आत्या म्हणतील तसं."

"आत्यांपुढे मी कोण?" तम्मा म्हणाला.

"मीही तेच म्हणते," हेमलता म्हणाली.

तीन विजय अंबुबाईंचे. बाकीच्यांचा एकेक. बेरीज सहा. एकटं माणूस पुढे निघालं, अगदी पुस्तकात निघावं तसं. हेमलताला मद्रासचा रस्ता दिसला, संस्थेची झाडं दिसली, कुणाशी तरी रात्री उशिरापर्यंत फळ्यापुढे चालणारं बोलणं ऐकू आलं.

अंबुबाईंनी हाडूक चोखून ताटाच्या कडेला ठेवलं.

"मला विचारता काय? मग ऐका. देव हलायचे नाहीत. माझ्या आज्यानं बसवलेत ते इथं. हेमी आहे की बघायला. मद्रासला कसलं गणित जास्तीचं मिळतंय? इथं दोन आणि दोन पाच होतात काय?"

सुलभावहिनींनी सार वाढायला घेतलं आणि कुणालाच वाढलं नाही.

हेमलता ताटाकडे बघत राहिली. प्रमेयात चूक नव्हती. चौघांतून एक वेगळा निघतो, एवढंच ते सांगत होतं. तो वेगळा निघालेला काय बोलेल, हे त्यात कुठंच नव्हतं. आणि दुसरी गोष्ट तिच्या आता ध्यानात आली, ती जास्त लाजिरवाणी होती. हे सगळं अनंत डब्यांसाठी असतं. समोर एकच डबा असेल तर त्याला गृहीतक लागत नाही. हात घालायचा आणि उचलायचं. पहिल्या वर्षाच्या पोरी ही चूक करतात, आणि ती त्यांच्या पेपरात लाल रेघ ओढते.

डबा एकच होता, आणि तो सात वर्षं तिच्याच घरात होता.

"मग मी घेऊन जाते," ती म्हणाली.

"काय घेऊन जातेस?"

"देव. मद्रासला. मागत नाही आत्या, ढकलतही नाही. आईनं माझ्याकडे दिलेत, ते माझ्याकडेच राहतील. मी जिथं असेन तिथं."

"अय्यो!" अंबुबाईंनी उष्टा हात कपाळाजवळ नेला. "बाईमाणसानं देव गावाबाहेर न्यायचे? लेक म्हणजे परक्या कुळाची..."

"मी कुठं परक्या कुळाची झाले? 'हेमीचं लग्न झालं नाही, जगतापच राहिली बिचारी,' दर सणाला तुम्हीच सांगता ना येईल त्याला?"

तम्माला ठसका लागला. सौम्यानं त्याच्या पाठीत थापट मारली. अंबुबाईंनी ताटातलं हाडूक पुन्हा उचललं, पण ते चोखून झालेलं होतं. अण्णानं सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि सुटकेचा मोठा श्वास सोडला.

"सरी बिडू," तो म्हणाला. बरं, सोडा आता. "झालं तर मग. कुणाचं मन मोडलं नाही, रीत मोडली नाही. सुलभा, सार वाढ गं."

"अक्का, स्टेशनवर मी सोडतो तुला," तम्मा म्हणाला. "सामान किती का असेना."

हेमलतानं दोघा भावांकडे बघितलं. एवढ्या लांब कशाला, माझ्याकडे ठेव, असं आता कुणीतरी म्हणेल. निदान म्हणायचं म्हणून तरी म्हणेल. अण्णा मुद्दा मोडून सारात बुडवत होता. तम्मा सौम्याला गाड्यांच्या वेळा विचारत होता. इतक्या दिवसांत दोघं इतके मोकळे हसले नव्हते. त्यांच्या मानेवरचं ओझं उतरलं होतं आणि ते कुठं गेलं हे कुणालाच पाहायचं नव्हतं.

अंबुबाईच शेवटी बोलल्या, ताटात हात धुता धुता. "समुद्राचं पाणी घालू नको त्यांना. काळे पडतात. आणि प्रवासात जमिनीला टेकवायचे नाहीत. नेतेस तर नीट ने."

संस्थेच्या हॉस्टेलमध्ये ज्योत लावू देत नाहीत, हे तिला कृष्णमूर्ती सरांकडून कळलं. मग त्यांच्या ओळखीनं मैलापुरात एका विधवा बाईंकडे खोली ठरली, संस्थेपासून दोन बस बदलून जायची. सर म्हणाले, "चालेल?" ती म्हणाली, "सर, निघायचं कधी तेवढं सांगा."

वैशाखात ती निघाली. टाक रेशमी फडक्यात बांधून पितळी डब्यात ठेवले होते, आणि डबा धुतलेल्या धोतरात गुंडाळला होता. तम्मानं सामान चढवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली, आणि गाडी हलायच्या आत निघून गेला, क्लासची वेळ झाली होती.

"अम्मा, ते वर ठेवा की," समोरचे गृहस्थ कन्नडमध्ये म्हणाले. तिनं वर बघितलं. फळीवर कुणीतरी चपला काढून ठेवल्या होत्या. बाकाखाली तर जमीनच. तिनं मान हलवली आणि गाठोडं मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी धरून.

पिशवीत तिसऱ्या घराचे कागद होते, कललेल्या भिंतीचे. गाडीत निवांत बघायचं ठरवून तिनं ते मुद्दाम वर ठेवले होते. पण हात मोकळे नव्हते. म्हणून ती डोक्यातच गोल बसवू लागली, तिघे-तिघे, आणि एकेक घर पुढे सरकवू लागली. कुप्पम गेलं. कॉफीवाला दोनदा येऊन गेला. जोलारपेटला दोन्ही पाय बधिर झाले. तिनं गाठोडं जरा वर उचललं, पायांत पुन्हा रक्त खेळेतो तसंच अधांतरी धरलं, आणि पुन्हा मांडीवर ठेवलं. मद्रास अजून बरंच लांब होतं.